प्रोफेसर ब्राउन आणि फार्शीचें अध्ययन

महाराष्ट्रांत पारसनीस हें आडनांव कोणास अपरिचित नाहीं. दरबारीं आलेलीं फार्शी पत्रें वाचावयाचीं, त्यांतील आशय धन्यास सांगावयाचा आणि त्याच भाषेंत उत्तर लिहून द्यावयाचें, हें ज्याचें काम तो पारसनीस. मराठ्यांचें राज्य पातशाह्यांशीं झुंजत उभें राहिलें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश सिद्ध होऊन कारभारांतील फार्शी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजण्याचा उपक्रमहि झाला. तरीसुद्धां दिल्लीशीं अगर निजामाशीं बोलणें करावयाचें म्हणजे पारसनिसावांचून पुण्यासाताऱ्याचें चालत नसे. उत्तरेकडे तर कायस्थ, खत्री व काश्मिरी पंडित यांच्या कित्येक पिढ्या सादीचें गुलिस्तान पाठ करण्यांत वाढल्या. सादीच्या प्रतिभेवर लुब्ध होऊन तें पुस्तक हातीं घेणारेहि त्यांत असतील. परंतु बहुतेकांना पुस्तकाच्या पलीकडे कचेरीची गादी दिसत होती. फार्शी ही पोटाची विद्या होती.

इंग्रजांनींहि ती प्रथम त्याच हेतूनें जवळ केली. सर विल्यम जोन्स यांनीं फार्शी भाषेचें व्याकरण इ. स. १७७१ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्या आंतबाहेर होतें आणि हिंदुस्थानचें दर्शनहि त्यांना झालेलें नव्हतें. युरोपांत या भाषेकडे लोकांचें लक्ष वळलें तें कंपनीच्या नोकरांच्या गरजेमुळें, हें त्यांनीं प्रस्तावनेंत आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. राजेरजवाड्यांचीं पत्रें येत, तीं वाचतां येत नसत, आणि दुभाष्यावर विसंबावें तर दगाफटक्याची धास्ती. पुढें १८०० मध्यें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें. १८०६ मध्यें खुद्द इंग्लंडांत कंपनीनें आपल्या उमेदवारांसाठीं विद्यालय काढलें. दोन्हीकडे फार्शीचे शिक्षक नेमले गेले. व्याकरणें, कोश, संवादमाला यांचा सुकाळ झाला. मग १८३७ सालीं कायदा होऊन बंगालकडील न्यायालयांतून फार्शीची सक्ती उठली. वीस वर्षांनीं कंपनीचा कारभारहि संपला आणि तिचें इंग्लंडांतील विद्यालय बंद पडलें. जी भाषा आल्यानें कालपर्यंत बढती मिळत होती, ती आल्यानें आतां कांहींच मिळेनासें झालें. मग ती कोणी शिकावी, आणि कशासाठीं?

या प्रश्नाला एक उत्तर अकल्पित रीतीनें मिळालें. एडवर्ड कॉवेल या पंडितांना १८५६ सालीं ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत उमर खय्यामच्या रुबायांची एक पोथी आढळली. तिची नक्कल त्यांनीं आपले मित्र व शिष्य फिट्झजेरल्ड यांना दिली. फिट्झजेरल्ड यांचें इंग्रजी रूपांतर १८५९ मध्यें निघालें. आरंभीं त्याला गिऱ्हाईक मिळेना, आणि पुढें तें घरोघर गेलें. या कीर्तीनें फार्शीचें नांव झालें खरें, पण अध्ययनाला तिचा फारसा लाभ झाला असें म्हणवत नाहीं. इराणांत ज्याला लोक मुख्यतः गणिती व ज्योतिषी म्हणून ओळखीत, तो इंग्लंडांत फार्शी काव्याचा मुकुटमणि ठरला. आणि एक पातळशी पुस्तिका वाचून आपणांस इराण कळलें, अशी हजारों वाचकांची समजूत झाली. ज्याला मूळ भाषा शिकण्याची आवश्यकताच वाटत नाहीं, असा रसिक अध्ययनाच्या कामीं कचेरींतल्या कारकुनापेक्षांहि निरुपयोगी ठरतो.

दुसरें आणि अधिक टिकाऊ उत्तर एका डॉक्टरीच्या विद्यार्थ्यानें दिलें.

एडवर्ड ग्रॅनव्हिल ब्राउन यांचा जन्म १८६२ मध्यें ग्लॉस्टरशायर परगण्यांत झाला. वडील नामांकित यंत्रशास्त्रज्ञ व कारखानदार. मुलानेंहि तोच धंदा करावा ही त्यांची इच्छा. ईटनच्या शाळेंत ब्राउन यांचें मन रमलें नाहीं. तेथें शिकविल्या जाणाऱ्या लॅटिन-ग्रीकची त्यांना गोडी लागली नाहीं, हें पुढें दहाबारा शतकांचा वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्या पंडिताविषयीं ऐकून नवल वाटतें. त्यांना भाषेकडे ओढून नेलें तें एका युद्धानें. १८७७ सालीं रशिया व तुर्कस्थान यांच्यांत लढाई जुंपली. इंग्लंडांत तुर्कांविरुद्ध मोठा गिल्ला चालला होता. त्या गिल्ल्यामुळेंच या पंधरा वर्षांच्या मुलाचें मन पराभूत होत असलेल्या पक्षाकडे झुकलें. तुर्की सैन्यांत नोकरी धरावी असें त्यानें ठरविलें आणि तेवढ्यासाठीं तुर्की भाषेचें व्याकरण विकत घेतलें. पुस्तक अर्धें होतें न होतें तों लढाई संपली. पण तुर्की नीट यावयाची तर अरबी पाहिजे आणि फार्शीहि पाहिजे, हें त्याला कळून चुकलें होतें. वडिलांनीं वैद्यकाची परवानगी दिली. १८७९ मध्यें ब्राउन केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाले आणि शरीरशास्त्राच्या जोडीला या तीन भाषांचें अध्ययन करूं लागले.

फार्शीचे पहिले धडे त्यांना दिले ते केंब्रिजमध्यें शिकत असलेल्या एका हिंदु विद्यार्थ्यानें. दुसरा गुरु लंडनमध्यें भेटला. मिर्झा मुहंमद बाकिर हा बवानातचा रहिवासी मोठा विलक्षण गृहस्थ. शिया, दरवेश, ख्रिस्ती, नास्तिक, यहुदी अशा अनेक अवस्थांतून तो गेला होता, आणि शेवटीं इस्लाम व ख्रिस्ती धर्म यांचें मिश्रण करून त्यानें आपला स्वतंत्र पंथ निर्माण केला होता. त्या पंथाचा अनुयायी तो स्वतःच. शिष्यानें हाफिज किंवा मसनवी वाचूं म्हटलें कीं गुरुजी आपलीच गूढ काव्यें पुढें करीत आणि त्यांवर तासन् तास निरूपण चाले. ब्राउन यांनीं तें सर्व सोसलें. जिवंत इराणी माणसाच्या तोंडून भाषा ऐकावयाची तर त्याच्या लहरीहि ऐकाव्या लागतात, हा धडा त्यांना तेथें मिळाला, आणि पुढें इराणांत तो फार उपयोगीं पडला.

याच सुमारास केंब्रिजचे अरबीचे प्राध्यापक विल्यम राइट यांचा सल्ला त्यांनीं घेतला. राइट हे प्रेमळ गृहस्थ होते व विद्वत्तेंत युरोपांत त्यांच्या तोडीचे थोडेच असतील. त्यांनीं सांगितलें तें असें: घरची मिळकत असेल तर निर्भयपणें पौर्वात्य विद्येच्या नादीं लागावें, नसेल तर वैद्यकाचा धंदा करावा आणि या भाषा फुरसतीच्या वेळेपुरत्या ठेवाव्या. या विद्येच्या जागा मोजक्या, वेतन अल्प, आणि सरकारकडून कसलीहि आशा करणें व्यर्थ. इराणपासून ब्रह्मदेशापर्यंत ज्या राष्ट्राचे हितसंबंध पसरलेले, त्याच्या एका अग्रगण्य विद्यापीठांत ही स्थिति होती! ब्राउन मुकाट्यानें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत गेले आणि १८८७ मध्यें वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षीं पेम्ब्रोक कॉलेजनें त्यांना फेलो निवडलें नसतें, तर लंडनच्या एखाद्या पेठेंत त्यांचा दवाखाना निघाला असता आणि फार्शी वाङ्मयाचा इतिहास अलिखितच राहिला असता. फेलोची वृत्ति मिळतांच त्यांनीं इराणचा रस्ता धरला.

त्राबझोन, अर्झुरुम या मार्गानें ते तबरीजला पोहोंचले. तेथून तेहरान, इस्फहान, शिराज, यज्द आणि किरमान. सोबत लवाजमा नाहीं, वकिलातीचा अधिकार नाहीं, व्यापार नाहीं, धर्मप्रसारहि नाहीं. असा युरोपियन तिकडच्या लोकांनीं क्वचितच पाहिला असेल. सराईंत उतरावें, मुल्लांशीं, दरवेशांशीं, वैद्यांशीं, बाबी पंथाच्या छळ सोसलेल्या अनुयायांशीं रात्र रात्र बोलत बसावें, आणि सकाळीं तें टिपून ठेवावें, असा त्यांचा क्रम होता. यज्द व किरमान येथें त्यांचा जरथुश्त्री लोकांशीं स्नेह जमला. मुंबईच्या पारशी मंडळींनीं १८५४ मध्यें माणकजी लिमजी हातारिया यांना या आपल्या गांजलेल्या धर्मबांधवांसाठीं इराणांत पाठविलें होतें, आणि दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्यें शहानें त्यांच्यावरील जिझिया उठविला होता. तरी ब्राउन गेले तेव्हां त्या लोकांना मळकट पिवळीं वस्त्रें वापरावीं लागत व घोड्यावर बसण्याची चोरी असे; गाढव मात्र चाले. ज्या प्राचीन संस्कृतीचा गौरव युरोपांतले पंडित ग्रंथांतून करीत, तिचे वारस डोळ्यांदेखत असे वागविले जात होते. हें ग्रंथांत वाचणें निराळें व यज्दच्या गल्लींत पाहणें निराळें.

किरमानला मात्र ते फसले. डोळ्यांचा असह्य विकार जडला, एका स्नेह्यानें वेदनाशमनार्थ अफूची नळी हातीं दिली, आणि पाहतां पाहतां तिची संवय लागली. निघण्याचा दिवस उद्यांवर जाऊं लागला. अशा अवस्थेंत केंब्रिजहून तार आली कीं फार्शीच्या अध्यापकाची जागा निघत आहे, उमेदवारी करावी काय? एवढ्या आनंदाच्या वार्तेनंतरहि ते कांहीं काळ तेथून हालले नाहींत! अखेर निश्चयानें त्यांनीं ती संवय तोडली, आणि १८८८ मध्यें केंब्रिजमधील त्यांचें अध्यापन सुरू झालें. हा सर्व प्रकार त्यांनीं आपल्या १८९३ सालच्या प्रवासग्रंथांत झांकून न ठेवतां लिहिला आहे. विद्यापीठांतला तरुण अध्यापक असें स्वतःविषयीं छापतो, यावरून त्या ग्रंथाची सचोटी दिसून येते.

अध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनीं पहिला बदल केला तो उच्चारांत. इंग्रज तोंवर फार्शी शिकत ती हिंदुस्थानी वळणाची. हिंदुस्थानांत या भाषेचे जुने स्वर शतकानुशतकें जसेच्या तसे राहिले, इराणांत ते पालटले. सिंहाला शेर आणि दुधाला शीर हा भेद इकडे राहिला. तिकडे दोहोंनाहि शीरच म्हणतात. मराठींत रूढ झालेले रोज, जोर, दोस्त हे शब्द तेहरानला रूझ, झूर, दूस्त असे ऐकूं येतात. यांत इकडचे उच्चार अशुद्ध आहेत असें नव्हे. उलट ते अधिक प्राचीन आहेत. पण जी भाषा आज कोणी बोलत आहे तिचा विद्यार्थी त्या बोलणाराकडे पाठ फिरवून बसूं शकत नाहीं, हें ब्राउन यांचें म्हणणें रास्त होतें. त्यांच्या दृष्टीनें फार्शी ही संग्रहालयांतील वस्तु नव्हती.

त्यांच्या आयुष्यांतील मुख्य कार्य म्हणजे चार खंडांचा इराणचा वाङ्मयेतिहास. पहिला खंड १९०२ मध्यें, दुसरा १९०६ मध्यें, तिसरा १९२० मध्यें व चौथा १९२४ मध्यें निघाला. ग्रीन यांनीं इंग्लिश लोकांचा इतिहास जसा राजांचा न लिहितां लोकांचा लिहिला, तसा इराणी मनाचा इतिहास लिहावा, ही त्यांची प्रतिज्ञा होती. म्हणूनच इराणी पंडितांनीं अरबींत लिहिलेले ग्रंथ, पंथोपपंथांच्या चळवळी, वैद्यक, इतिहासलेखन हें सर्व त्यांत आलें. नुसत्या कवींची नामावळ पाहिजे असेल त्यानें दुसरीकडे जावें. साधनें मिळवितांना त्यांना आधीं तीं छापावींहि लागलीं. फार्शी कवींचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चरित्रसंग्रह म्हणजे औफीचा लुबाबुल्अल्बाब, तो इ. स. १२२१ च्या सुमारास रचला गेला तो शिराजला किंवा निशापुरास नव्हे, तर सिंधु नदीच्या प्रदेशांत, उच्छ येथें. त्याची छापील प्रत प्रथम तयार झाली ती ब्राउन यांच्या हातून, १९०३ व १९०६ मध्यें. तुर्की काव्याचे अभ्यासक गिब हे १९०१ मध्यें अकालीं वारले. त्यांच्या मातोश्रींनीं मुलाच्या स्मरणार्थ निधि ठेविला व त्यांतून अरबी, फार्शी, तुर्की ग्रंथांची माला निघाली. मित्राचा अपुरा इतिहास ब्राउन यांनीं स्वतः पुरा करून छापला. या मालेसाठीं मिर्झा मुहंमद कझ्विनी या इराणी पंडितानें मोंगल कालाचा जुवैनीकृत इतिहास ज्या काटेकोरपणें संपादिला, तो पाहून इराणांतील पुढच्या पिढीनें ग्रंथसंशोधन कसें करावें हें शिकून घेतलें.

या इतिहासांत उणिवा नाहींत असें नाहीं. शाहनाम्याविषयीं ब्राउन यांची नावड प्रसिद्ध आहे. ज्या काव्याला इराणी लोक आपल्या राष्ट्राचा आत्मा मानतात, त्याचा रस आपणांस घेतां येत नाहीं, असें त्यांनीं लिहून टाकलें. तें प्रांजलपणाचें लक्षण असेल. न्यायाचें मात्र नव्हे. सफवी काळांत थोर कवि कां झाले नाहींत, या त्यांच्या प्रश्नांतच त्या काळच्या हिंदुस्थानी वळणाच्या काव्याविषयींची उपेक्षा आहे. हिंदुस्थानांतील मौलाना शिबली नुमानी यांनीं १९०८ पासून पांच भागांत उर्दूमध्यें शेरुल्अजम हा ग्रंथ लिहिला. काव्याच्या मर्माची जी जाण शिबलींच्या पानोपानीं आढळते, ती ब्राउन यांच्याजवळ त्या प्रमाणांत नव्हती, आणि चौथा खंड लिहितांना त्यांनीं शिबलींचें ऋण मोठ्या आदरानें मान्य केलें.

दुसऱ्या व तिसऱ्या खंडांमध्यें चौदा वर्षांचें अंतर पडलें. ब्राउन यांच्या चरित्रांतील सर्वांत बोलकीं वर्षें तीं हींच. १९०६ च्या ऑगस्टांत इराणच्या शहानें प्रजेला राज्यघटना दिली, मजलिस भरली. पुढच्याच वर्षीं ३१ ऑगस्ट रोजीं इंग्लंड व रशिया यांनीं करार करून इराणचा उत्तर भाग रशियाचें व आग्नेय भाग इंग्लंडचें वर्चस्वक्षेत्र म्हणून वांटून घेतला. इराणला कोणी विचारलेंहि नाहीं. १९०८ च्या जूनमध्यें नव्या शहानें मजलिसीवर तोफा डागल्या. केंब्रिजच्या अरबीच्या प्राध्यापकानें (१९०२ पासून ब्राउन त्या पदावर होते) अशा वेळीं काय करावें? हाफिजच्या पाठभेदांत लक्ष घालून स्वस्थ बसावें, असें पुष्कळांना वाटलें. ब्राउन यांनीं खंड बाजूला ठेविले. इंग्लंडांत इराणच्या बाजूनें समिति उभी राहिली तींत ते अग्रभागीं होते. वृत्तपत्रांत पत्रें लिहिलीं, देशोधडीला लागलेल्या इराण्यांना घरीं थारा दिला, आणि १९१० मध्यें इराणच्या क्रांतीचा इतिहास प्रसिद्ध केला. १९११ च्या अखेरीस रशियन फौजेनें तबरीजमध्यें देशभक्तांना फांसावर चढविलें, तेव्हां त्या अत्याचारांचीं छायाचित्रें असलेली पुस्तिका त्यांनीं काढली. इराणांतील वृत्तपत्रें व नवें राष्ट्रीय काव्य यांवर त्यांचा ग्रंथ १९१४ मध्यें निघाला. साडेतीनशेंहून अधिक नियतकालिकांची नोंद त्यांत आहे. त्या काळीं वर्तमानपत्रांतील गाणीं ही वाङ्मय म्हणून विद्यापीठाच्या दारांत येऊं शकतील, ही कल्पनाच नवी होती.

स्वदेशाच्या परराष्ट्रमंत्र्याविरुद्ध उभें राहणाऱ्या प्राध्यापकाची स्तुति सरकारदरबारीं होणें शक्य नव्हतें. ‘पक्षपाती’ ही पदवी त्यांना मिळाली. ती खोटीहि नव्हती. घटनावाद्यांचे दोष त्यांच्या लेखणीला सहसा दिसत नाहींत. परंतु ज्या माणसानें तुर्कांच्या पराभवाच्या कळवळ्यानें व्याकरण उघडलें, त्याच्यापासून निराळ्या वागणुकीची अपेक्षा करणें म्हणजे झाडाला मूळ सोडून फळ मागण्यासारखें होतें. त्यांचे शिष्य निकल्सन यांचा स्वभाव अगदीं उलट. त्यांनीं जन्मांत कधीं इराण पाहिला नाहीं, राजकारणास स्पर्श केला नाहीं, आणि १९२५ ते १९४० या काळांत जलालुद्दीन रूमीच्या मसनवीची आठ भागांची सटीक आवृत्ति सिद्ध केली. विद्येला दोन्ही प्रकारचीं माणसें लागतात. इराणच्या लोकांनीं मात्र प्रेम केलें तें ब्राउन यांच्यावर. १९२२ मध्यें त्यांच्या साठाव्या वाढदिवशीं तिकडून काव्यात्मक मानपत्रें आलीं. १९२५ मध्यें पत्नी निवर्तली, आणि ५ जानेवारी १९२६ रोजीं त्यांनींहि देह ठेविला.

चौथा खंड निघाल्यास वर्ष झालें असेल तोंच, १९२५ मध्यें, पुण्यास माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, यांचा फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मराठींत भिनलेल्या फार्शी शब्दांचा त्यांत घेतलेला शोध जुनीं दप्तरें वाचणाऱ्यांना कामास आला. आणि त्याच पंडितानें खय्यामच्या रुबाया फिट्झजेरल्डचा हात न धरतां मूळ फार्शीवरून मराठींत आणल्या. पारसनिसाची विद्या येथेंहि दुसऱ्या कामाला लागली होती. त्याच वर्षीं पूरदाऊद नांवाचे इराणी विद्वान मुंबईस आले. पारशी मंडळींच्या आश्रयानें त्यांनीं अवेस्ताचें फार्शी भाषांतर हातीं घेतलें. गाथांचा भाग १९२७ मध्यें मुंबईसच छापला गेला. १९३४ मध्यें तेहरानला विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर हेच पूरदाऊद तेथें प्राचीन इराणी विद्येचे अध्यापक झाले, आणि फार्शी वाङ्मयांतील पहिली डॉक्टर पदवी त्या विश्वविद्यालयानें १९४२ मध्यें त्यांचे शिष्य मुहंमद मुईन यांना दिली. प्रबंधाचा विषय होता जरथुश्त्री धर्माचा फार्शी वाङ्मयावरील परिणाम.

स्थापनेच्या वेळचे शिक्षणमंत्री अली असगर हिक्मत यांनीं ब्राउन यांचा तिसरा खंड स्वतः फार्शींत आणला. चौथा त्यापूर्वींच रशीद यासमी यांनीं आणला होता. शाहनाम्याविषयींच्या त्या मतांवर इराणी पंडितांनीं यथेच्छ टीका केली, आणि पुस्तक मात्र वर्गांत वापरलें. १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानांतील रस्त्यांचीं जुनीं नांवें भराभर बदललीं. ब्रिटिश वकिलातीशेजारचा चर्चिल रस्ता जाऊन त्याला ब्रिटिश तुरुंगांत उपोषण करून मेलेल्या आयरिश बंडखोराचें, बॉबी सँड्सचें, नांव देण्यांत आलें. विश्वविद्यालयाच्या आवाराजवळील एडवर्ड ब्राउन रस्त्याचें नांव मात्र कोणी बदललें नाहीं.